वाळूचं पोतं परत आणून देतेय, काका

काका, नमस्कार,

समोर बोलायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून सरळ लिहूनच टाकतेय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय कारण तुम्ही आम्हा दोघी बहिणींसाठी काय केलंत ते लोकांना कळायलाच हवं.

मला बाइक शिकवली ती ताईने. क्लच कसा हळू सोडायचा, वळणात नजर कुठे ठेवायची, सगळं तिच्याकडून शिकले. मग तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि सीटवरून पाय पलीकडे टाकणंच बंद झालं, मागे बसणंसुद्धा. कधी तक्रार केली नाही तिने, पण मी बाइक बाहेर काढली की ती दारात यायची आणि मी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी असायची. ते मला बघवत नव्हतं, म्हणून बाइकच्या डाव्या बाजूला साइडकार, म्हणजे एका चाकाची जोडबैठक, बसवून घेतली. जिथे बसवली तिथे बोल्ट आवळले आणि किल्ली हातात दिली, बाकी काही सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी गाडी सारखी डावीकडे ओढायला लागली, अर्ध्या तासात खांदे भरून आले आणि मला वाटलं की माझ्यातच तेवढी ताकद नाही. विकायचं ठरवलं होतं काका, खरंच.

आणि तुम्ही, माझी ना ओळख ना पाळख, रस्त्याच्या कडेला थांबलेली गाडी बघून जवळ आलात, मागे जाऊन एक डोळा मिटून नुसतं बघितलंत आणि म्हणालात, "ताकदीचा प्रश्न नाहीये, गाडी साइडकारकडे कललीये."

त्या दुपारी तुम्ही दोन लांब सरळ फळ्या काढल्यात, एक बाइकच्या दोन्ही चाकांना लावून ठेवलीत, दुसरी साइडकारच्या चाकाला, आणि दोन फळ्यांमधलं पुढचं-मागचं अंतर टेपने मोजलंत. पुढचं अंतर मागच्यापेक्षा साधारण 15 मिलिमीटर कमी हवं, म्हणजे साइडकारचं चाक जरासं आत बघतं, हे टो-इन. माझं चाक उलट बाहेर बघत होतं. मग मला सीटवर बसवून बाइक साइडकारपासून उलट्या बाजूला जेमतेम एक-दीड अंश कलती केलीत, बोल्ट अर्धा आटा फिरवायचा की परत फळी, परत टेप, चार तास हेच चाललं होतं, आणि एकदाही "जाऊ दे, चालेल" म्हणाला नाहीत. नंतर सरळ रस्त्यावर मी हँडलवरची पकड सैल केली आणि गाडी सरळच गेली. ते हातांना जे जाणवलं ना ते अजून आठवतं.

पण खरे आभार त्यानंतरच्या रविवारांचे. रिकामी साइडकार सगळ्यात धोक्याची म्हणून तुम्ही तुमचं वाळूचं पोतं त्यात टाकलंत आणि मोकळ्या मैदानात मला पहिल्यापासून शिकवलंत. माझी इतक्या वर्षांची सवय आड येत होती. दोन चाकांवर वेगात डावीकडे जायचं तर डावं हँडल हलकेच पुढे ढकलायचं, गाडी झुकते आणि वळते. इथे तेच केलं की गाडी उजवीकडे जाते, कारण झुकणं हा प्रकारच नाही, हँडल वळवाल तिकडे ती जाणार. थ्रॉटल दिला की साइडकार मागे राहते म्हणून डावीकडे ओढते, ब्रेक लावला की ती पुढे जाऊ बघते म्हणून गाडी उजवीकडे वळते. "ही बाइक नाही आणि कारही नाही, हिला तिसरीच गोष्ट समजून चालव," हे तुमचं वाक्य मी आता दुसऱ्यांना सांगते.

डाव्या वळणात साइडकारचं चाक पहिल्यांदा उचललं गेलं तेव्हा मी ओरडलेच होते. तुम्ही शांतपणे परत तेच करायला लावलंत, मुद्दाम, हळू वेगात, दहा-बारा वेळा, चाक वर, हँडल जरा सरळ, चाक खाली, शेवटी भीती गेली आणि वळणाच्या आधीच वेग कमी करायची सवय लागली. मग पोतं काढून तुम्ही स्वतः आत बसलात. नवशिक्या माणसाच्या साइडकारमध्ये कोण बसतं हो?

आता आनंदाचं सांगते. आधी मी आणि ताई बाइकवर जायचो तेव्हा तिचं निम्मं बोलणं वाऱ्यात जायचं, आता मान जराशी वळवली की तिचा चेहरा दिसतो. ती खाली, रस्त्याच्या अगदी जवळ बसते त्यामुळे तिला दिसतं ते मला दिसतच नाही, कडेचं गवत, दगडावर बसलेला सरडा. थांबायचं असलं की साइडकारच्या काठावर तळहाताने दोनदा थाप मारते. सिग्नलला पाय खाली टेकवावा लागत नाही हे सुख तर चालवल्याशिवाय कळायचं नाही, आणि खडीवर, चिखलात कितीही हळू गेलं तरी तोल जायची काळजी नाही. खड्डा चुकवणं मात्र अवघड, दोन चाकं वाचली तर तिसरं सापडतंच, तिथे ताईच आधी ओरडून सांगते.

तुम्ही तिला शर्यतींच्या गोष्टी सांगितल्यात ते फार चांगलं केलंत. 1923 साली आइल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटावरच्या पहिल्या साइडकार टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यतीत फ्रेडी डिक्सन या शर्यतपटूची साइडकार झुकणारी होती आणि ती झुकवायची लिव्हर पॅसेंजरच्या हातात होती, हे ऐकल्यापासून ताई नुसती बसत नाही. डावं वळण आलं की मी काही सांगायच्या आधी ती डावीकडे वजन टाकते, आणि तो फरक मला हँडलमध्ये कळतो, चाक रस्त्याला धरून राहतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा ती घरी येऊन म्हणाली, "आज आपण मस्त चालवली." आपण, काका. हे ऐकायला मिळालं ते तुमच्यामुळे.

तुमचं पोतं अजून माझ्याकडेच आहे, शिवण उसवली होती ती ताईने दुहेरी दोऱ्याने शिवलीये. येत्या रविवारी आणून देते. येताना ताई बसेल, पोतं तिच्या पायाशी, आणि पोतं उतरवलं की एक फेरी तुम्ही मारायची, माझ्या जागेवर, ताईला शेजारी घेऊन. मी दारात उभी राहून बघणार आहे.

तुमची,
डाव्या वळणाला आता न घाबरणारी मुलगी