चिरंजीवांच्या बास गिटारविषयी

सोलापूर

प्रिय सतीश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. चिरंजीवांना बास गिटार घेऊन द्यावी का, आणि त्यावर इथे पोट भरते का, असे दोन प्रश्न तू एका दमात विचारले आहेस. दुसऱ्याचे उत्तर सरळ आहे: भरत नाही. सुपारी ठरताना यजमानाने पैशांची घासाघीस केली की पहिली काट बासवाल्यावर बसते, कारण खालचे स्वर कीबोर्डवाला डाव्या हाताने भरून काढतो आणि मांडवातल्या पाहुण्यांना त्याचे सोयरसुतक नसते. मी दिवसा दुकान सांभाळतो, म्हणूनच रात्री मिळेल त्या बिदागीवर वाजवणे मला परवडते.

तरीही त्याने शिकावे असेच माझे मत आहे, आणि शिकायला आपल्या गावासारखे गाव नाही. पूर्व भागातल्या लग्नात तेलुगू गाणी हवी असतात, अक्कलकोटकडचे पाहुणे कन्नड गाण्याची चिठ्ठी पाठवतात आणि शेवटी सगळ्यांनाच मराठी लोकगीतांवर नाचायचे असते. कागद कोणासमोर नसतो. गायक मागे वळून ‘काळी चार’ म्हणतो, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, जी शार्प; बासच्या जाड तारेवर चौथा पडदा (दांडीवरची धातूची आडवी पट्टी). मोकळ्या, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या, तारांचा आधार तिथे जवळजवळ सुटतो. दोन गाण्यांनंतर घसा बसला की तोच ‘पांढरी पाच’ म्हणतो आणि सगळा हात एक पडदा खाली सरकवावा लागतो. त्यातच लाउडस्पीकर दहाला बंद करण्याचा नियम, आणि वरात मात्र कधीच वेळेवर येत नाही. मग गाण्यांची कडवी आयत्या वेळी गळतात आणि कोणते गळले हे गायकाच्या मानेवरूनच ओळखावे लागते.

खरी परीक्षा ढोलकीवाल्याबरोबर असते. ढोलकीची जाड बाजू जिथे घुमते तिथेच बासचा स्वरही पडतो, आणि दोघांनी ताणून धरले की मांडवात नुसता गोंगाट उरतो. म्हणून स्वर छेडण्याइतकेच तो बोटाने वेळेवर दाबून तोडणे महत्त्वाचे आहे. कीबोर्डवाल्यांचा डावा हात नेमका इथेच कमी पडतो, असे मी त्यांच्या तोंडावर सांगत आलो आहे.

त्याला मोबाइलवर ऐकून मात्र शिकू देऊ नकोस. जाड तारेचा मोकळा स्वर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा असतो. तो इवलासा स्पीकर त्याला पेलत नाही, वरचे उपस्वर तेवढे ऐकू येतात. चांगले हेडफोन लावून आर. डी. बर्मन यांची गाणी ऐकव. त्यांच्या वादकांत टोनी वाझ बास वाजवत; ते कुठे थांबतात हे पोराला आधी ऐकू दे.

वाद्य घेताना एक पाहा. नेहमीच्या बासच्या तारेची लांबी ३४ इंच असते आणि बारा-तेरा वर्षांच्या हाताला ती जड जाते. ३० इंचांची मिळते, तीच घे. दुकानदार रंग दाखवील, तू दांडी सरळ आहे का ते बघ. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड हलते आणि तारा पडद्यांवर खडखडतात, तेव्हा मे महिन्यात सुट्टीला आलात की ती माझ्याकडे घेऊन या. दांडीतली सळई कशी पिळायची ते त्याला दाखवतो. येताना पुण्याहून माझ्यासाठी ४५-१०५ जाडीच्या तारांचा एक संच आण. पैसे इथे देईन.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत