इर्माबाई, तुमच्या त्या रोपाबद्दल

आदरणीय इर्मा लाउशेरबाई,

शालोम.

मी बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या कोकणातल्या ज्यूंपैकी एक. रविवारी सिनेगॉगमध्ये मुलांचा वर्ग घेते. ज्यू पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या पंधराव्या दिवशी येणारा तू बिश्वात, झाडांच्या नवीन वर्षाचा सण, आमच्याकडे एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाचा उरूस म्हणून थाटात होतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं ते वेगळं) एका खडकावर संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी आमची श्रद्धा. लोक तिथे नवस फेडायला जातात, मलिदा करतात : गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा आणि वर फळं.

याच सणाला तुम्ही, एका कैदेतल्या शिक्षिकेनं, तेरेझिनच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, मुलांच्या हातून झाड लावलंत. जानेवारी १९४३. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत.

आमच्या मुलांना हे सगळं कसं सांगायचं, हा प्रश्न मला नेहमी छळतो. नाझींनी मारलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून जातो आणि छळछावण्यांचे फोटो त्याला दाखवू नयेत असं माझं ठाम मत आहे. तुमची गोष्ट मात्र सांगता येते, कारण तिच्यात मुलं काहीतरी करताहेत.

तेरेझिन म्हणजे प्रागच्या उत्तरेचं तटबंदीचं गाव. युद्धाआधी सैनिक धरून तिथे सात हजारांच्या आसपास वस्ती होती. १९४२च्या सप्टेंबरात त्याच गावात ५८ हजारांवर माणसं कोंबलेली होती. आईबाप एका बराकीत आणि बरीचशी मुलं ‘बालगृहा’त, तीन मजली फळ्यांवर दाटीवाटीनं झोपलेली. शाळेला बंदी. गाणी, चित्रं, खेळ चालत, म्हणून त्यांच्या आडून गणित आणि इतिहास शिकवला जाई. दाराशी एक मूल पहाऱ्याला. कुणी येतंय अशी खूण झाली की वह्या गडप आणि गाणं सुरू! हे सांगितलं की आमची पोरं एकदम सावरून बसतात. वह्या लपवणं त्यांना बरोबर कळतं.

तिथे सणही होत. मुलांच्या हनुक्का या दिव्यांच्या सणासाठी शिल्पकार आर्नोल्ड झादिकोव यांनी लाकडाचा दीपवृक्ष कोरला. तो आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहे. फ्रिडल डिकर-ब्रँडाइस यांच्या चित्रवर्गातल्या मुलांची हजारो चित्रंही तिथेच जपली आहेत. फ्रिडलबाई ऑक्टोबर १९४४ मध्ये आउशवित्झच्या मृत्युछावणीत मारल्या गेल्या.

तू बिश्वातला रोप हवं. ते घेट्टोत कुठून यायचं? तुम्ही पहाऱ्यावरच्या एका चेक शिपायाला गळ घातलीत आणि त्यानं ते चोरून आत आणून दिलं. पकडला गेला असता तर त्याची धडगत नव्हती. आभारांत त्याचाही वाटा आहे.

रोप मेपलचं होतं. मुलांनी ते लावलं आणि आपल्या वाट्याच्या पिण्याच्या पाण्यातून त्याला पाणी घातलं. मी इथवर आले की वर्गात हमखास एकच प्रश्न येतो : “मग ती मुलं स्वतः काय प्यायची?” मी म्हणते, थोडं कमी. वर्ग गप्प होतो. पुढे मी स्पष्टीकरण देत नाही.

लोक त्याला ‘आशेचं झाड’ म्हणतात. मला ते फार गुळगुळीत वाटतं. तहानलेल्या मुलाला तुम्ही रोजचं एक काम दिलंत, ज्याच्या ताब्यात काहीच उरलं नव्हतं त्याच्यावर एका जिवाची जबाबदारी टाकलीत. शिक्षिकेनंच करावं असं काम. स्वतःची लहान मुलगी त्याच घेट्टोत असताना तुम्हाला हे सुचलं, याचं मला, मीही आई असल्यामुळे, जास्त नवल वाटतं.

तेरेझिनमधून सुमारे ८८ हजार लोक पूर्वेकडच्या घेट्टोंत आणि मृत्युछावण्यांत धाडले गेले, ३३ हजारांच्या आसपास तेरेझिनमध्येच मेले. पाणी घालणाऱ्या मुलांपैकी बहुतेक परतली नाहीत. मे १९४५ मध्ये सुटका झाली तेव्हा रोप पाच फुटांचं झालं होतं. तुम्ही, तुमचे यजमान आणि लेक वाचलात. पुढे २००२च्या पुराचा फटका बसून ते झाड काही वर्षांत गेलं, पण तोवर त्याची रोपं देशोदेशी पोचली होती. त्यांतलंच एक २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यू वारसा संग्रहालयाबाहेर लावलं. त्याची निगा जवळच्या शाळेतली मुलं राखतात.

मेपल आमच्या हवेत टिकायचं नाही, म्हणून पोरांनी सिनेगॉगच्या आवारात डाळिंब लावायचं ठरवलंय. पाणी घालायच्या पाळ्यांवरून आत्ताच भांडणं सुरू आहेत. उरुसाआधी ती मिटवायला हवीत.

तुमची,
रविवारच्या वर्गाची बाई