देवाचं ऐकणं, घरातल्या घरात

प्रिय आई आणि पप्पा,

सप्रेम सलाम. आई, परवा फोनवर तू विचारलंस ना, ह्यांच्या नोकरीचं काय ठरलं, देवाने काही मार्ग दाखवला का, तेव्हा मी नंतर लिहिते म्हटलं कारण मुलं सारखी मध्येमध्ये येत होती आणि हा विषय दोन वाक्यात सांगून फोन ठेवण्यासारखा नाहीये. आत्ता दोघं झोपलीयत, म्हणून बसलेय लिहायला.

आधी खुशाली. सगळे ठीक आहोत. नोकरीचं अजून काहीच ठरलं नाहीये. कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय, कंपनी पुढे वाढवून द्यायला तयार आहे आणि दुसरीकडे परत यायचा विचारही रोज मनात येतो. पण आई, मी घाबरलेली नाहीये, आणि हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, खरंच नाही. ते कसं काय, तेच सांगायचंय.

धाकटीचं दूध तोडलं ते तुला माहितीये. किती रडली त्या दिवसांत, मांडीवर घेतलं की लगेच तोंड लावायला बघायची, नाही मिळालं की अंग टाकून द्यायची, मग तिला कुशीत धरणं म्हणजे तिला आणि मला दोघींनाही त्रासच व्हायचा. आता ते सगळं संपलं. आता येते, स्वतःच मांडीवर चढते आणि माझ्या बाहीचं बटण फिरवत बसून राहते. काही मागत नाही. खेळणं नको, पाणी नको, काही नको, फक्त बसायचं असतं तिला. असंच एकदा ती बसलेली असताना मला बायबलमधलं स्तोत्र 131 आठवलं. फक्त 3 वचनांचं आहे, पटकन वाचून पुढे जातो आपण. त्यात लिहिणारा म्हणतो की मी माझा जीव शांत केलाय, आईजवळच्या दूध तुटलेल्या बाळासारखा. लहानपणापासून ऐकलंय पण 'दूध तुटलेलं' हे तिथे का आहे याचा मी कधी विचारच केला नव्हता. अंगावर पिणारं बाळ आईकडे येतं ते दुधासाठी. दूध तुटलेलं बाळ येतं ते आईसाठी.

आणि तो म्हणतो मी शांत 'केलाय', म्हणजे आधी तो शांत नव्हता, आधी रडारड झालेली असणारच. मला हे वाचून फार धीर आला. भरवसा म्हणजे मनात कधी घालमेलच होत नाही असं नाही. घालमेल होते, रात्री झोप मोडते, आणि तरी पुन्हा त्याच मांडीवर जाऊन बसायचं. माझी प्रार्थना आत्तापर्यंत बहुतेक वेळा नोकरी, व्हिसा, मुलाची शाळा, पप्पांची शुगर अशी यादीच असायची. यादी अजूनही असते, असावीच, देवाने मागायला सांगितलंच आहे. पण यादी संपल्यावर आता मी लगेच उठत नाही.

रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेतही आम्ही थोडा वेळ गप्प बसायचं ठेवलंय. फार नाही, दोनेक मिनिटं. सुरुवातीला काय व्हायचं सांगू, मोठा डोळे किलकिले करून बहिणीकडे बघायचा, ती हसायची, की हाही हसायचा. आम्ही रागावलो नाही, चालू ठेवलं. मग एकदा गप्प बसून झाल्यावर तो म्हणाला, मम्मा, आमच्या वर्गातला एक मुलगा डबा खाताना एकटाच बसतो, मला तोच आठवत होता. बस, एवढंच. यांनी त्याला विचारलं, मग तुला काय करावंसं वाटतं, तर म्हणाला उद्या त्याच्या शेजारी बसतो. आणि बसला. आता याला कोणी म्हणेल की मुलाला सहज आठवलं असेल, तर असेलही. पण मला वाटतं देवाचं ऐकणं घरात असंच सुरू होतं, कुठूनतरी आवाज येत नाही, कोणीतरी माणूस आठवतं, आणि तो विचार थोडा वेळ शांत बसल्याशिवाय वर येत नाही.

बायबलमधल्या लहान शमुवेलची गोष्ट पप्पा तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलीत! रात्री तीन वेळा देवाची हाक येते आणि तीनही वेळा तो उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे धावतो. आता मुलांना सांगताना मला जाणवलं की देवाची हाक त्या मुलाला अगदी रोज घरात हाक मारणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या आवाजासारखी वाटली, परकी वाटली नाही. आणि ती हाक देवाची आहे हे ओळखलं कोणी, तर ज्याची नजर मंद झाली होती त्या एलीने. म्हणजे ऐकलं एकाने आणि ओळखलं दुसऱ्याने. म्हणून मला एकटीने खोलीत बसून "देव मला बोलला" असं ठरवून टाकायची भीती वाटते, घरात कोणीतरी लागतंच जे सांगेल की हो, हे त्याचंच आहे, किंवा नाही, हे तुझ्या मनाचं आहे, जा झोप.

आमच्यातही दोघांचं सारखं नाहीये, हे तुम्हाला उघडच सांगते. यांना वाटतं अजून काही वर्षं इथे राहावं, माझं मन परत यायला ओढतंय. पूर्वी मला वाटायचं की देव नवराबायकोला एकाच वेळी एकच सांगणार, नाहीतर दोघांपैकी कोणाचं तरी चुकतंय. पण टिळकांचंच बघा ना, कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. सुरुवातीला काही वर्षं तर दोघं वेगळी राहिली, किती सोसलं त्या बाईने. तिने नवऱ्याच्या मागे नुसती मान डोलावली नाही, तिला स्वतःला पटेपर्यंत वेळ घेतला, आणि म्हणूनच पुढे तिची श्रद्धा इतकी ठाम उभी राहिली असं मला वाटतं. आमचा प्रश्न त्यांच्यापुढे काहीच नाही. पण एवढं कळलं की एकाला आधी उमगलं म्हणून दुसऱ्याला ओढत न्यायचं नसतं. सध्या आम्ही एकमेकांना पटवणं बंद केलंय, फक्त विचारतो, तुला असं का वाटतं, आणि मग मध्ये न बोलता ऐकायचं. हे प्रार्थनेत गप्प बसण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे हां.

एक गोष्ट मात्र पक्की ठरवलीय, रात्री उशिरा, थकलेलं असताना किंवा वाईट बातमी आलेल्या दिवशी काही ठरवायचं नाही. हे जेझुइट संघ सुरू करणाऱ्या संत इग्नेशियसच्या शिकवणीवरून घेतलंय. 1521 मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि घरी अंथरुणावर पडून राहावं लागलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की लढाया, मानमरातब यांचे विचार करताना मजा यायची पण नंतर मन कोरडं पडायचं, आणि देवाच्या सेवेचे विचार केले की आनंद नंतरही टिकून राहायचा. त्यावरूनच ते पुढे शिकवायचे की मन खचलेलं असताना आधी केलेला निर्णय बदलू नये. मी पण हल्ली हेच बघते. परत यायचा विचार आला की नंतर दिवसभर कसं वाटतं, इथे राहायचा आला की कसं वाटतं. अजून काही स्पष्ट नाहीये, पण नुसती घराची आठवण कोणती आणि खरी ओढ कोणती हे थोडं थोडं वेगळं कळायला लागलंय.

आता तुमच्याकडे मागणं आहे. शमुवेलला जे पहिलंच वचन मिळालं ते एलीच्याच घराविरुद्ध होतं, पोरगं सकाळपर्यंत पडून राहिलं, सांगायला घाबरलं. पण एलीने त्याला बजावलं की माझ्यापासून काही लपवू नकोस, आणि ऐकून घेतल्यावर म्हणाला तो परमेश्वर आहे, त्याला बरं वाटेल ते त्याने करावं. तर तुम्ही दोघं आमच्यासाठी प्रार्थना करता हे माहितीये, पण आता प्रार्थनेनंतर तुम्हाला जे वाटेल ते आम्हाला सांगा पण. पप्पा, तुम्हाला आम्ही यावं असं वाटत असेल तर "तुमचं तुम्ही बघा" असं म्हणू नका, आणि आई, येऊ नये असं वाटत असेल तर तेही मन घट्ट करून सांग, मी रडेन कदाचित पण ऐकेन. यांनाही ते तुमच्याच तोंडून ऐकायचंय. कंपनीला उत्तर महिनाअखेरीस द्यायचंय, त्याच्या आधी सांगितलंत तर बरं होईल.

आत्याला सलाम सांगा. पप्पा, औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
बेबी