पेंटबॉल खेळा, पण मास्क कपाळावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दापोली-गुहागरकडच्या किनाऱ्यावर ‘घरगुती जेवण, एसी रूम, ताजी मासळी’ अशा पाट्यांखाली हल्ली आणखी एक ओळ दिसू लागली आहे : पेंटबॉल. बंदुकीतून रंगाच्या गोळ्या एकमेकांवर झाडायच्या, ज्याच्या अंगावर गोळी फुटली तो बाद, असा हा खेळ. समुद्र पाहून झाला, पोटभर जेवण झाले, आता संध्याकाळपर्यंत करायचे काय, या पर्यटकांच्या जुन्या प्रश्नाला मिळालेले हे उत्तर आहे. माझा त्याला विरोध नाही. गावातल्या चार पोरांना हंगामात काम मिळते आणि मुंबई-पुण्याची ऑफिसातली मंडळी दोन तास घाम गाळतात, हेही वाईट नाही. माझी तक्रार एवढीच, की खेळ चालू असताना डोळे वाचवायला घातलेला मास्क डोळ्यांवरून निघतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही.

गेल्या मे महिन्यात पाहुण्यांबरोबर अशाच एका ठिकाणी गेलो होतो. सुरूच्या बनात जाळी लावलेली, आडोशाला प्लास्टिकचे ड्रम आणि रचलेले चिरे. (चिऱ्याच्या कडेवर गुडघा आपटला तर काय होते, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तिथे जुने टायर बरे.) पाच मिनिटांत सगळ्यांच्या मास्कच्या काचांवर वाफ धरली. ड्रममागे बसलेल्या एका तरुणाने मास्क सरळ कपाळावर ढकलला आणि टीशर्टच्या टोकाने काच पुसायला घेतली. तेवढ्यात एक गोळी त्याच ड्रमच्या कडेवर फुटली आणि पिवळा रंग त्याच्या कानापर्यंत उडाला. रेफ्री म्हणून उभ्या केलेल्या मुलाने शिट्टी मारली, पण खेळ थांबला नाही. ज्याच्यावर बेतले होते, तो तर हसतच होता.

पेंटबॉलची गोळी साधारण १७ मिलिमीटर व्यासाची, वजन जेमतेम तीन ग्रॅम. मात्र बंदुकीच्या नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला ३०० फुटांपर्यंत असू शकतो, म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. अंगावर लागली तर काळानिळा डाग पडतो आणि आठवडाभरात जातो. डोळ्याची गोष्ट वेगळी. क्रिकेटचा चेंडू डोळ्यावर आला तर त्याचा बराचसा मार खोबणीची हाडे घेतात. ही गोळी मात्र खोबणीच्या तोंडात थेट मावते, त्यामुळे सगळा दणका डोळ्यालाच बसतो. आत रक्त साकळणे, पडदा सुटणे, पुढे मोतीबिंदू किंवा काचबिंदू होणे, हे सगळे त्यातून होऊ शकते. या खेळातल्या डोळ्याच्या गंभीर इजा बहुतेक वेळा मास्क नसताना किंवा काढलेला असताना झालेल्या असतात. साधा चष्मा, गॉगल किंवा वेल्डिंगवाल्याचा चष्मा इथे कामाचा नाही.

मास्क काढू नका, असे सगळेच सांगतात. पण आपल्या दमट हवेत तो का काढला जातो, याचा विचार रिसॉर्टवाल्यांनी करायला हवा. स्वस्तातल्या मास्कला एकपदरी काच असते. आतला गरम श्वास तिच्यावर लगेच साचतो. दुपदरी काचेच्या मास्कमध्ये हा त्रास पुष्कळ कमी होतो. तो महाग असतो, पण एका खेळाचे जे पैसे लावता, त्यात तो हंगामभरात वसूल होतो. मग तोच मास्क साबणाच्या बादलीत बुचकळू नये. दोन काचांमध्ये पाणी शिरले की तो वाया गेला. ओल्या मऊ कापडाने पुसावा.

ज्याला दिसेनासे होईल, त्याने मास्कला हात न लावता ओरडून सांगायचे. रेफ्रीने खेळ थांबवायचा, सगळ्यांनी नळीवर कापडी टोपी चढवायची आणि त्या खेळाडूला जाळीबाहेर नेऊन मगच काच पुसू द्यायची. दोन मिनिटे जातील, जाऊ देत.

आपल्या हवेचे आणखी काही उपद्व्याप आहेत. गोळ्यांचे कवच जिलेटिनचे असते. ते ओल खाऊन फुगते, चिकट होते आणि नळीतच फुटते. गेल्या हंगामातल्या उरलेल्या गोळ्या पावसाळाभर कोठीत ठेवून दिवाळीला काढू नयेत आणि वाळूत पडलेल्या उचलून पुन्हा भरू तर मुळीच नयेत. दुसरे म्हणजे, गोळी ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमधला दाब उन्हाने वाढतो. सकाळी आठला ठीक असलेला वेग दुपारी बाराला मर्यादेबाहेर जाऊ शकतो. म्हणून वेग मोजायचे क्रोनोग्राफ यंत्र नुसते टेबलावर ठेवून भागत नाही, दुपारी पुन्हा मोजावे लागते. खाऱ्या वाऱ्याने जाळीही विरते आणि गोळी बाहेर जाऊ शकते. शेजारच्या पाखाडीवरून, म्हणजे गावच्या पायवाटेवरून, जाणारी माणसे आणि गुरे या खेळात नसतात, एवढे मालकाने लक्षात ठेवावे.

आता खिलाडूपणाबद्दल. मी कबड्डीचा पंच म्हणून मातीवर पुष्कळ वर्षे उभा राहिलो आहे. चढाईत बोट लागले की नाही, हे ज्याचे त्याला कळते, पंचाला दरवेळी दिसतेच असे नाही. तरी हात वर करून आपणहून बाहेर जाणारे खेळाडू मी पाहिले आहेत. पेंटबॉलमध्ये तर पुरावा अंगावर रंगवलेला असतो, आणि तरीही लोक पाल्याने रंग पुसून पुन्हा आडोशाला बसतात! त्याहून वाईट म्हणजे, हात वर करून निघालेल्या माणसाच्या पाठीत मित्रांनी मजा म्हणून आणखी चार गोळ्या घालायच्या. तो बाद झाला, संपले. दहा फुटांच्या आत कोणी सापडले, तर गोळी न घालता ‘शरण ये’ म्हणावे, हा शिरस्ता पुष्कळ मैदानांवर आहे. आपल्याकडे तो पाळलेला मला दिसला नाही. ऑफिसच्या सहलीत साहेब बाद झाल्याचे त्यांना सांगणार कोण, ही वेगळीच पंचाईत. ते काम रेफ्रीचे, आणि रेफ्री म्हणून उभ्या असलेल्या गावच्या पोराला पाहुण्याला खेळाबाहेर काढायचा अधिकार मालकाने सर्वांसमोर द्यायला हवा. दारू पिऊन आलेल्याला आतच घेऊ नये.

या खेळाचा पहिला सामना २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर गावाजवळच्या जंगलात झाला. हातात होती ती झाडांवर आणि गुरांवर खुणा करायची पिस्तुले. बारा जण उतरले आणि जंगलात काम करणारा एक गडी एकही गोळी न झाडता, जंगलात लावलेले सगळे झेंडे गोळा करून जिंकला. आपल्याकडे मात्र हॉपर, म्हणजे बंदुकीवरचा गोळ्यांचा डबा, रिकामा केल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखे कोणाला वाटत नाही.

लवकरच शाळांच्या सहलींचे बुकिंग सुरू होईल. शिक्षकांनी फोनवर माणशी दर विचारण्याआधी मास्कची काच एकपदरी की दुपदरी, आणि मुलांसोबत मैदानात रेफ्री किती, हे विचारावे. उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर मुलांना किनाऱ्यावर लगोरी खेळू द्यावी.

आपला,
एक कबड्डी पंच, दापोली