तक्रार पत्र : १९० अंशांवर लावलेला डीप फ्रायर १५५ वरच थांबतो

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
घरगुती उपकरणे विभाग

विषय : डीप फ्रायरमधील सदोष थर्मोस्टॅट (ठरल्या तापमानाला वीज तोडणारा स्विच), खोक्यावरील चुकीची माहिती आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

आपल्या कंपनीचा २००० वॉटचा डीप फ्रायर मी गोखले रोडवरच्या एका दुकानातून आषाढ लागण्याआधी घेतला. पावती, वॉरंटी कार्ड, मशीनच्या तळाशी असलेल्या पट्टीचा फोटो आणि तुमच्या सेवा केंद्राचा मेसेज सोबत जोडला आहे. ‘तक्रार समाधानकारकरीत्या निकाली’ असे त्या मेसेजमध्ये म्हटले आहे. समाधान नक्की कोणाचे झाले ते कळले नाही, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे रोज तळण होत नाही. आषाढाचे तळण, गणपतीत तळणीचे मोदक, दिवाळीचा फराळ आणि पावसात एखाद्या रविवारी भजी, संपले. मग एवढ्यासाठी मशीन कशाला, असे शेजारच्या काकूंनीही विचारले होते. कारण असे, की सासूबाईंचे हात आता थरथरतात, पण कापण्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या मीच तळणार हा त्यांचा हट्ट काही सुटत नाही. कडकडीत तेलाची कढई आणि त्यांचे हात गॅससमोर एकत्र नकोत, एवढेच मला हवे होते. तेल ठरल्या अंशाला आपोआप थांबावे, भांडे कलंडू नये, वर झाकण असावे. यातल्या पहिल्याच गोष्टीपाशी तुमचे मशीन नापास होते.

डायलवर १३० ते १९० असे आकडे आहेत. हवा तो आकडा लावायचा आणि हिरवा दिवा लागला की घाणा सोडायचा, असे माहितीपुस्तिका सांगते. १९० वर लावून दिवा लागल्यावर पहिली पुरी सोडली. ती तळाशी बसली, सावकाश वर आली आणि पापडासारखी सपाट राहिली. कडेने बारीक बुडबुडे येत होते, रंग येत नव्हता. झाऱ्याने दाबून पाहिली तरी फुगेना. बाहेर काढून कागदावर ठेवली, तर कागद आरपार दिसू लागला इतके तेल प्यायली होती. कणीक तीच, लाटणाऱ्या हातांना पन्नास वर्षांची सवय. त्याच परातीतल्या लाट्या गॅसवर छोट्या कढईत तळल्या, तर टम्म फुगल्या. पुरी फुगते ती आतल्या पाण्याची एकदम वाफ होते म्हणून. तेल कोमट असेल तर पापुद्रा धरेपर्यंत वाफ निसटून जाते. हे सासूबाईंना थर्मामीटरशिवाय कळते, मला मात्र थर्मामीटर लागला.

पाकासाठी घेतलेला थर्मामीटर घरात होता. आधी तो उकळत्या पाण्यात बुडवून पाहिला. ठाणे समुद्रसपाटीलगतच आहे, तेव्हा शंभरच दाखवायला हवे होते आणि तेवढेच दाखवले. मग टोपली काढून ठेवली, नुसते तेल तापवले. डायल १९० वर, हिरवा दिवा लागला तेव्हा तेल १५५. डायल १५० वर, दिवा लागला तेव्हा तेल १४५. म्हणजे डायल १५० वर ठेवा नाहीतर शेवटपर्यंत फिरवा, फरक दहा अंशांचा. या मोजणीचा व्हिडिओही जोडला आहे. कापण्या आणि शंकरपाळे मात्र खुसखुशीत झाले, ते नाकारत नाही. त्यांना मंद आचच लागते. पण भजी, वडे, पुऱ्या यांपैकी काहीही या मशीनमध्ये धड होत नाही.

तुमचा तंत्रज्ञ आला. मुलगा बोलायला गोड होता, त्याच्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याला पढवून पाठवलेल्या उत्तरांविषयी.

पहिले उत्तर, ‘तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल.’ असेलही. पण व्होल्टेज कमी असले तर कॉइलला ताकद कमी मिळते आणि तेल तापायला वेळ जास्त लागतो. थर्मोस्टॅट घड्याळ पाहून तोडत नाही, तापमान पाहून तोडतो. दहा मिनिटांनी का होईना, १९० यायलाच हवे. ते १५५ वर तुटत असेल तर खोट थर्मोस्टॅटमध्ये आहे, महावितरणच्या तारांमध्ये नाही. दुसरे उत्तर, ‘एका वेळी जास्त टाकता, म्हणून तेल थंड होते.’ गार पदार्थ पडला की तेल उतरते हे खरे, गॅसवरच्या कढईतही उतरते. पण मी मोजले तेव्हा तेलात काहीच नव्हते. आणि तिसरे उत्तर तर कहर होते : ‘मॅडम, हे फ्रेंच फ्राइजसाठी आहे, यात पुरी फुगतच नाही.’

त्याच वेळी खोके ओट्यावर होते. तुमच्याच खोक्याच्या दर्शनी बाजूवर टोपलीभर फुगलेल्या पुऱ्यांचे चित्र आहे. मी त्याला ते दाखवले. तो हसला, फॉर्मवर माझी सही मागितली, मी दिली नाही. तरीही तक्रार बंद झाली.

आता खोक्याविषयीच बोलू. त्यावर ‘काढता येणारे भांडे, धुण्यास सोपे’ असे ठळक छापले आहे. प्रत्यक्षात टोपली आणि झाकण तेवढे निघते. तेलाचे भांडे मशीनला कायमचे जोडलेले आहे. तेल काढायचे तर बटणे आणि वायर यांसकट अख्खे मशीन दोन्ही हातांनी उचलून बेसिनवर तिरके करावे लागते, आणि ओघळ नेमका स्विचच्या बाजूने येतो. रोज तळणारा कदाचित हे चालवून घेईल, कारण त्याचे तेल आतच राहते. वर्षातून मोजक्या वेळा तळणाऱ्याला दर वेळी तेल काढून, घासून, पुसून मशीन माळ्यावर टाकायचे असते. त्याच्यासाठी भांडे निघते की नाही हाच पहिला प्रश्न, आणि नेमके त्याचेच उत्तर तुम्ही खोटे छापले आहे. त्यात कॉइल भांड्याच्या खाली. कॉइल तेलात बुडालेली असती तर तिच्या खालचे तेल जरा थंड राहिले असते आणि बेसनाच्या कण्या तिथे न जळता बसल्या असत्या. इथे त्या थेट तापलेल्या तळावर पडतात, काळ्या होतात आणि पुढच्या घाण्याला चिकटतात.

खोक्यावर ‘३ लिटर’ लिहिले आहे. जांभळी नाक्यावरून आणलेल्या शेंगदाणा तेलाच्या एक लिटरच्या दोन पिशव्या ओतल्या आणि तेल ‘मॅक्स’च्या रेघेला टेकले. तीन लिटर हे काठापर्यंतचे माप आहे, आणि काठापर्यंत तेल भरू नका असे पुस्तिकाच बजावते. मग ते छापता कशाला? पुस्तिका आणखी सांगते, की वापरलेले तेल झाकण लावून आतच ठेवा आणि १० वेळा वापरा. आमच्या हिशेबाने ते तेल आषाढातून दिवाळीत जाईल! तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने साठणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते वापरू नये, असा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. ते मोजायचे यंत्र घरात नसते. वास, रंग आणि फेस पाहूनच तेल टाकावे लागते. अशा घरांना ‘१० वेळा’ असा आकडा देणे बेजबाबदारपणाचे आहे.

आणि एक गंभीर गोष्ट. २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर. त्यामुळे प्लग १६ अँपिअरचा, जाड पिनांचा आहे आणि तो तसाच हवा. वायर आखूड आहे, तीही बरोबर आहे. लांब वायरीत पाय अडकून तेल अंगावर येण्यापेक्षा हे बरे. पण नौपाड्यातल्या आमच्यासारख्या जुन्या इमारतींत स्वयंपाकघरात १६ अँपिअरचा पॉइंट एखादाच, तोही फ्रिजकडे. प्लग कोणता ते खोक्यावर कुठेही नाही. दुकानात तुमच्या कंपनीचा टी-शर्ट घातलेल्या प्रतिनिधीने यावर उपाय म्हणून १६ चे ६ करणारा कन्व्हर्टर फुकट दिला. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर ९ अँपिअरचा भार टाका, असे तुमचा माणूस गिऱ्हाइकाला सांगतो आहे. मी तो वापरला नाही, फ्रिजचा प्लग काढून मशीन चालवले. ज्यांनी वापरला असेल त्यांच्या भिंतीतल्या वायरी तापत असतील. तो कन्व्हर्टर माझ्याकडे आहे. फोटो जोडला आहे.

माझी मागणी स्पष्ट आहे. दुरुस्ती नको, बदली मशीनही नको, कारण थर्मोस्टॅट बदलून भांडे काही निघू लागणार नाही. पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करावी आणि मशीन तुमच्या खर्चाने घेऊन जावे. दुकानांमधून कन्व्हर्टर वाटणे ताबडतोब थांबवावे आणि ज्यांना दिले त्यांना कळवावे. खोक्यावर मॅक्स रेघेपर्यंतचे तेल, प्लगचे अँपिअर आणि भांडे निघते की नाही हे खरे छापावे.

ठाण्यात ग्राहक पंचायतीच्या संघातून वाणसामान घेत वाढलेली घरे कमी नाहीत, आमचे त्यातलेच. त्यामुळे पुढची वाट ठाऊक आहे. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचे मुख्यालय कुठेही असो, ग्राहक राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. नुकसानभरपाईची आणि खर्चाची मागणी तेव्हा वेगळी असेल.

मशीन घासूनपुसून मूळ खोक्यात भरून ठेवले आहे. नेणाऱ्या माणसाने येण्याआधी फोन करावा. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि या वेळी कोऱ्या फॉर्मवर नव्हे, मशीन ताब्यात मिळाल्याच्या पोचपावतीवर सही होईल. ती पावती त्याने सोबत आणावी.

कळावे,

आपली,
(सही)
नौपाडा, ठाणे (पश्चिम)