रस्त्यावरील प्रत्येक फलकाला क्रमांक आणि नोंदवही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातील रस्त्यांविषयी आपल्या वृत्तपत्रात नियमित लिहिले जाते. त्यात खड्डे, रखडलेले रुंदीकरण आणि खचलेले पूल यांना अग्रक्रम मिळतो, आणि तो योग्यच आहे. परंतु याच रस्त्यांच्या कडेला उभे असलेले धोक्याच्या वळणाचे, वेगमर्यादेचे, शाळेचे, अरुंद पुलाचे आणि गावांच्या नावांचे फलक नेमके किती आहेत, कोठे आहेत, केव्हा लावले आणि आज कोणत्या अवस्थेत आहेत, याचा हिशेब कोण ठेवतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शाखा अभियंता म्हणून रस्त्यांच्या कामांवर नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. रस्त्याची लांबी, रुंदी, डांबरीकरणाचा थर आणि पुलांची संख्या यांची नोंद आमच्याकडे असे. फलकांच्या बाबतीत मात्र खरेदीचे देयक आणि मोजमाप पुस्तिकेतील एक ओळ यापलीकडे बहुधा काहीच नसे.

या उणिवेची किंमत अलीकडे सर्वांसमोर आली. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली, आणि २०२४ मध्ये शेजारच्या अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हा जुनी नावे असलेले दिशादर्शक फलक बदलणे ओघानेच आले. ज्या कार्यालयाकडे फलकनिहाय यादी आहे, ते अशा वेळी बदलायच्या फलकांची संख्या, त्यांचे आकार आणि लागणारा खर्च टेबलावर बसून काढू शकते. ज्याच्याकडे यादी नाही, त्याला गाडी काढून रस्तेच धुंडाळावे लागतात, आणि तरीही आतल्या फाट्यावरचा एखादा फलक राहून जातो. त्याआधी २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, सोलापूर-धुळे मार्ग २११ ऐवजी ५२ झाला, कल्याण-निर्मल मार्ग २२२ ऐवजी ६१ झाला, तेव्हाही काम याच स्वरूपाचे होते.

सरकारी कार्यालयातील साध्या लाकडी खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने एक क्रमांक लिहिलेला असतो. तो क्रमांक जडवस्तू नोंदवहीत असतो, त्याची पडताळणी होते, आणि खुर्ची मोडली तर निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर झाल्याशिवाय ती नोंदवहीतून कमी करता येत नाही. ही पद्धत चांगली आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. तीच शिस्त रस्त्यावरच्या फलकाला लावावी, एवढेच माझे म्हणणे आहे. फलक ही सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली मत्ता आहे, आणि खुर्ची हरवल्याने कोणाचा जीव जात नाही, तर वळणावरचा फलक नसल्याने जाऊ शकतो.

प्रत्येक फलकाला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तो फलकाच्या मागच्या बाजूस, बसवल्याच्या महिन्यासह, टिकाऊ पद्धतीने लिहावा. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे रस्त्याचे नाव, साखळी क्रमांक (रस्त्याच्या आरंभापासूनचे अंतर), अक्षांश-रेखांश, रस्त्याची बाजू, इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६७ या संहितेनुसार फलकाचा प्रकार, आकार, पत्रा आणि खांब यांचे स्वरूप, परावर्तक कागदाचा दर्जा, पुरवठादार, हमीची मुदत आणि छायाचित्र असावे. आजच्या काळात यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. साधा स्मार्टफोन, एक तक्ता आणि नकाशासाठी क्यूजीआयएससारखी विनामूल्य संगणकप्रणाली यांवर एका उपविभागाचे काम भागते.

यातील बसवल्याची तारीख ही नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लोक ज्याला रेडियम म्हणतात तो परावर्तक कागद दिवसा चांगला दिसला तरी रात्री निकामी झालेला असू शकतो. त्याचे काम हेडलाइटचा प्रकाश चालकाच्या डोळ्यांकडे परत पाठवण्याचे आहे, आणि ही क्षमता ऊन, धूळ व ओरखडे यांनी हळूहळू घटते. दिवसा पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याला हे कळत नाही. अमेरिकेत फलकांच्या या परावर्तनक्षमतेची किमान मूल्ये २००८ पासून नियमात आली, आणि ती राखण्याची काही तरी पद्धत प्रत्येक रस्ते यंत्रणेने जून २०१४ पर्यंत अंगीकारावी असे ठरले. त्यासाठी अनेक मार्ग खुले ठेवले गेले: प्रशिक्षित माणसाने रात्री गाडीतून पाहणी करणे, उपकरणाने मोजणे, अपेक्षित आयुष्य संपताच फलक बदलणे, ठरावीक वर्षांनी संपूर्ण पट्ट्यातील फलक एकदम बदलणे, किंवा नमुन्यादाखल निवडलेल्या फलकांवर लक्ष ठेवून बाकीच्यांचा निर्णय घेणे. फलक केव्हा बसवला हे माहीत नसेल, तर यातला आयुष्यावर आधारलेला मार्ग आपल्याला बंदच होतो, आणि उत्पादकाने दिलेली हमीसुद्धा कागदावर राहते, कारण मुदत केव्हा सुरू झाली हे सिद्ध करता येत नाही.

अर्थात अमेरिकेतही सारे आदर्श आहे असे मी म्हणत नाही. तेथे २०१२ च्या कायद्याने राज्यांना मत्ता व्यवस्थापनाचा, म्हणजे मत्तांची नोंद, तपासणी आणि देखभाल यांचा, आराखडा सक्तीचा केला, पण ती सक्ती राष्ट्रीय महामार्ग जाळ्यातील रस्त्यांचा पृष्ठभाग आणि पूल यांपुरती होती. फलक त्यात घ्यायचे की नाही, हे राज्यांवर सोडले गेले. मोठ्या खर्चाच्या वस्तूंकडे आधी लक्ष जाणे आणि लहान वस्तू मागे पडणे हे सगळीकडे घडते. म्हणूनच आपल्याकडे मत्ता व्यवस्थापनाची पावले पडत असताना, फलक पहिल्या दिवसापासून त्यात असावेत, असा माझा आग्रह आहे.

मराठवाड्यात फलकांचे आयुष्य कमी होण्याची कारणे आपली स्वतःची आहेत. आपल्या काळ्या मातीला पावसाळ्यात फुगवटा येतो आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. उथळ पायात रोवलेला खांब त्यामुळे कलतो आणि फलक फिरतो. दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू झाला की लातूर, धाराशिव, बीड, परभणीच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर धावतात, बाहेर आलेल्या मोळ्या फलकांना घासतात आणि वळणावर ट्रॉलीचा धक्का खांबाला बसतो. वेडी बाभूळ एका पावसाळ्यात फलक झाकून टाकते. पत्रा भंगारात विकला जातो. शुभेच्छांचे बॅनर थेट फलकावर बांधले जातात. हे तर कायद्याविरुद्ध आहे, कारण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११६ नुसार वाहतूक चिन्हाशी छेडछाड करण्यास मनाई आहे. नोंदवही असेल तर एकाच वळणावरचा फलक पुन्हा पुन्हा बदलावा लागत आहे हे उघड होते, आणि तेथे नवा फलक नको, खोल पाया हवा किंवा फलकाची जागा थोडी मागे घ्यावी, हा निर्णय अनुभवी माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपल्याकडे अनेक ठिकाणी रस्ते आणि पूल वाहून गेले. पूल दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात येतोच, कारण तो नोंदलेला असतो; त्याच्या अलीकडचा धोक्याचा फलक मात्र, तो तेथे होता याचा पुरावाच नसल्याने, सहज सुटून जातो.

जबाबदारीचा प्रश्नही यात गुंतलेला आहे. आपल्याकडे राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची देखभाल पहिली पाच वर्षे ठेकेदाराकडे असते. आणि राज्यमार्गाचा राष्ट्रीय महामार्ग झाला की यंत्रणा पुन्हा बदलते. प्रत्येक हस्तांतरणात रस्ता एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे जातो, पण फलकांची यादी त्याबरोबर जात नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९८ अ नुसार, रस्त्याच्या बांधणीत किंवा देखभालीत ठरलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व ओढवल्यास संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सेवेत असलेल्या माझ्या सहकाऱ्यांना मी कळकळीने सांगतो की, फलक जागेवर होता आणि अमुक तारखेला तपासला होता, हे दाखवणारी नोंद त्यांचाही बचाव करते.

अशा नोंदवह्या याआधी झाल्याच नाहीत असे नाही. सल्लागार नेमून सर्वेक्षण होते, सुबक अहवाल सादर होतो, आणि तेथेच ते काम थांबते, कारण पुढच्या महिन्यात मजुरांनी बदललेला फलक त्या अहवालात कोणीच नोंदवत नाही. वर्षभरात यादी आणि रस्ता यांचा मेळ बसेनासा होतो, आणि चुकीची यादी कोणी उघडत नाही. यावर मला एकच खात्रीचा उपाय दिसतो, तो म्हणजे देयक आणि नोंद यांची सांगड. फलकाचा क्रमांक, जागेवरचे छायाचित्र आणि नोंदवहीतील दुरुस्ती असल्याशिवाय फलकाचे कोणतेही देयक मंजूर होऊ नये, मग तो नवा असो, बदललेला असो वा काढलेला. काढलेल्या फलकाची नोंदही तितकीच गरजेची आहे; परस्परविरोधी वेगमर्यादा दाखवणारे आणि काम संपल्यावरही उभे राहिलेले फलक शोधायला तीच उपयोगी पडते. क्रमांक फलकावर असल्यास गावकऱ्यालाही तक्रार करताना अमुक गावाजवळचा बोर्ड असे मोघम सांगावे लागणार नाही.

सर्व आठ जिल्ह्यांत एकदम सुरुवात करण्याची गरज नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या रस्ता सुरक्षा समितीने एक उपविभाग निवडावा, गाळप हंगामापूर्वी त्यातील राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्गांवरील फलकांची गणना तंत्रनिकेतनांच्या स्थापत्य शाखेतील विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी, आणि हंगाम संपल्यावर त्याच यादीवरून फेरतपासणी करावी. रात्रीच्या पाहणीसाठी अमेरिकेतील एका पद्धतीत निरीक्षक मुद्दाम साठ वर्षांवरील असावा असे सांगितले आहे, कारण वय वाढले की डोळ्यांना अधिक प्रकाश लागतो, आणि जो फलक अशा माणसाला वाचता येतो तो इतरांनाही येतो. मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यात बांधकाम खात्यांतून निवृत्त झालेले, रस्त्याचा प्रत्येक फाटा ओळखणारे अभियंते, हजेरी सहायक आणि मैलकुली आहेत. समितीने बोलावल्यास आमच्या तालुक्यातील पाहणीसाठी मी मानधनाशिवाय येण्यास तयार आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त शाखा अभियंता
अहमदपूर, जि. लातूर