बिलांची तुलना म्हणजे दर्जाची तुलना नव्हे

प्रति,
माननीय संपादक,

विषय : स्वस्त आणि उच्चभ्रू सुपरमार्केटमधील खाद्यपदार्थांच्या तुलनेविषयी

महोदय,

आपल्या पुरवणीत स्वस्त आणि उच्चभ्रू सुपरमार्केटची तुलना करणारा लेख वाचला. लेखकाने एकच यादी घेऊन दोन्हीकडे खरेदी केली, दोन्ही बिले शेजारी शेजारी छापली आणि त्यांच्यातील फरकाला ‘दर्जाची किंमत’ असे नाव दिले. आक्षेप आहे तो या शेवटच्या पायरीला. बिलांतील फरक खरा असेलच. परंतु तो संपूर्ण फरक दर्जामुळे पडला, हे लेखात कोठेही दाखवलेले नाही. यादीत नुसते ‘ज्यूस’, ‘हॅम’, ‘चीज’ असे लिहिलेले होते. पाकिटाचे वजन किती, ज्यूसमध्ये फळाचा रस किती, हॅममध्ये पाणी किती, चीज किती महिने मुरवलेले, यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नसताना केलेली तुलना फार तर दोन दुकानांच्या थाटमाटाची तुलना ठरते.

स्वस्त दुकानात माल स्वस्त मिळतो, त्याअर्थी तो हलकाच असणार, हा तर्क सरळ वाटतो. पण ही दुकाने चालतात कशी हे पाहिले की तो डळमळतो. जर्मनीतील एसेन येथे कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्त या भावांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आईचे छोटे दुकान हाती घेतले आणि त्यातून 1962 मध्ये ‘आल्डी’ या नावाची साखळी उभी राहिली. तिची रीत पुढे जगभर अनेकांनी उचलली. मोठ्या सुपरमार्केटमध्ये दहा हजारांहून कितीतरी अधिक प्रकारच्या वस्तू असतात, तर अशा दुकानात साधारण दोन हजारांच्या आसपास. एकेका वस्तूचे दहा पर्याय न ठेवता एक किंवा दोनच ठेवले, की त्या एका वस्तूची खरेदी प्रचंड प्रमाणात होते आणि पुरवठादाराशी भाव पाडून बोलता येते. माल खोक्यातून काढून शेल्फवर मांडण्यात वेळ न घालवता खोक्याचे तोंड उघडून ते तसेच ठेवले जाते. पाकिटावर बारकोड अनेक बाजूंना छापलेला असतो, त्यामुळे काउंटरवर वस्तू फिरवून पाहावी लागत नाही. ट्रॉलीत नाणे अडकवावे लागते, म्हणजे ट्रॉल्या गोळा करत हिंडायला वेगळा माणूस ठेवावा लागत नाही. यांतील एकही काटकसर पाकिटाच्या आतल्या पदार्थापर्यंत पोहोचत नाही. उलट उच्चभ्रू दुकानातील रुंद वाटा, मंद प्रकाश, मोक्याची जागा, सल्ला देणारे कर्मचारी आणि वर्षातून एकदा खपणाऱ्या वस्तूंचे दहा प्रकार यांचा खर्च साखरेपासून मिठापर्यंत प्रत्येक पाकिटावर थोडा थोडा बसतो. ज्यांना ते वातावरण हवे आहे त्यांनी त्याचे पैसे जरूर मोजावेत. मात्र त्याला पदार्थाचा दर्जा म्हणू नये.

दुसरा मुद्दा दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा. स्वस्त साखळ्यांमधील बहुतेक माल त्यांच्याच ब्रँडचा असतो आणि तो बनवणारे कारखाने अनेकदा नामांकित कंपन्यांसाठीही माल बनवतात. यावरून ‘तोच माल, फक्त वेष्टन वेगळे’ असा समज पसरला आहे आणि आपल्या लेखावर आलेल्या काही प्रतिक्रियांतही तो दिसला. हा समजही तितकाच घाईचा आहे. कारखाना एक असला तरी पाककृती आणि घटकांचे प्रमाण माल मागवणारा ठरवतो; सकाळी एका प्रमाणाने आणि दुपारी दुसऱ्या प्रमाणाने त्याच यंत्रावर वेगळा माल निघू शकतो. त्यामुळे कारखान्याचा पत्ता शोधण्यापेक्षा पाकिटाची मागची बाजू वाचणे केव्हाही अधिक उपयोगाचे. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेत, ही कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतील तरतूद बहुतेक देशांनी कायद्यात उतरवली आहे. टोमॅटो सॉसच्या दोन बाटल्यांपैकी एकीवर पहिला घटक टोमॅटो आणि दुसरीवर पाणी असेल, तर निकाल तेथेच लागतो. मग बाटली कोणत्या दुकानातली आहे याने काही बिघडत नाही.

किंमत आणि दर्जा यांची फारकत किती होऊ शकते याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे तान्ह्या बाळांसाठीची दूध पावडर. ब्रिटनमध्ये तिच्यातील पोषकद्रव्यांचे किमान आणि कमाल प्रमाण कायद्याने बांधून दिलेले आहे, त्यामुळे स्वस्तातील स्वस्त पावडरही बाळाच्या पोषणाची गरज पूर्ण करते. तरीही तेथील डब्यांच्या किमतींत मोठी तफावत आहे. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने फेब्रुवारी 2025 मध्ये या बाजाराविषयी अंतिम अहवाल दिला. महाग ते बाळाला अधिक चांगले, या समजुतीने पालक महागडा डबा निवडतात, असे त्याच्या पाहणीत दिसून आले. येथे जादा पैसे देणारा ग्राहक पोषण विकत घेत नाही, मनाची शांती विकत घेतो, आणि नव्या आईबापांच्या काळजीवर उभ्या राहिलेल्या या किमतीबद्दल वृत्तपत्रांनी अधिक कडक भाषेत लिहायला हवे, असे मला वाटते.

याचा अर्थ जादा पैसे नेहमीच वाया जातात, असा मात्र नाही. काही पदार्थांत वेळ हाच कच्चा माल असतो. परमेसान म्हणून ओळखले जाणारे अस्सल ‘पार्मिजानो रेज्जानो’ चीज किमान 12 महिने मुरवावे लागते. 24 किंवा 36 महिने मुरवलेले चीज तितका काळ कोणाच्या तरी कोठारात जागा आणि भांडवल अडवून बसलेले असते आणि चवीत तो फरक उतरतो. कोंबडीचेही तसेच. सर्वसाधारण ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत कापायला तयार होते, तर युरोपीय संघाच्या सेंद्रिय नियमांनुसार मंद गतीने वाढणारी जात नसेल तर तिला किमान 81 दिवस वाढवावे लागते. एवढे दिवस दाणापाणी घातल्यावर ती त्याच दराने विकणे शक्य नाही. पुन्हा हॅम किंवा तत्सम मांसात वजनाच्या 5 टक्क्यांहून अधिक पाणी मिसळलेले असेल, तर युरोपीय संघात ते पदार्थाच्या नावातच लिहावे लागते. अशा वेळी किलोमागे स्वस्त दिसणारा हॅमचा दर हा अंशतः पाण्याचा भाव असतो.

परंतु हा फरक दुकानाच्या पाटीवरून नव्हे, तर वस्तूवरूनच कळतो, हे अंड्याइतके दुसरे काहीच स्पष्टपणे सांगत नाही. युरोपीय संघात अंड्याच्या कवचावरच संकेतांक छापलेला असतो : 0 म्हणजे सेंद्रिय, 1 म्हणजे मोकळ्या जागेत फिरणाऱ्या कोंबड्यांचे, 2 म्हणजे बंदिस्त शेडमध्ये पण पिंजऱ्याबाहेर वाढवलेल्यांचे आणि 3 म्हणजे पिंजऱ्यातील कोंबड्यांचे. स्वस्त दुकानातील 1 क्रमांकाचे आणि उच्चभ्रू दुकानातील 1 क्रमांकाचे अंडे एकाच नियमाखाली तयार होते. आपल्या लेखकाने दोन्हीकडची अंडी घेतली, त्यांच्या टरफलांच्या रंगाचे वर्णनही केले. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो, दर्जावर नाही.

ताज्या फळभाज्यांबाबत मात्र ठोकळेबाज निकाल देता येणार नाही. मोजक्याच वस्तू ठेवणाऱ्या आणि गर्दी असलेल्या स्वस्त दुकानात माल लवकर उठतो, म्हणून तो अनेकदा अधिक ताजा असतो. पण तो बहुधा ठरावीक वजनाच्या पाकिटात बांधलेला मिळतो. सुट्या मालाची सोय जेथे असते तेथे दर जास्त असला तरी हवे तेवढेच घेता येते. एकट्या माणसासाठी हा फरक लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 या वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील जवळपास 60 टक्के वाटा घराघरांतील होता. पाकिटातील एक तृतीयांश भाजी कचऱ्यात गेली, तर खाल्लेल्या भाजीचा खरा दर पाकिटावरील दराच्या दीडपट पडतो. हा हिशेब कोणत्याच बिलावर छापलेला नसतो.

बिलावर न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे किलोमागचा किंवा लिटरमागचा दर. पाकीट तेवढेच, किंमत तेवढीच आणि आतील माल मात्र कमी, ही युक्ती आता सर्वत्र रुळली आहे. फ्रान्सने 1 जुलै 2024 पासून असे वजन घटवून किलोमागे दर वाढवलेल्या वस्तूंजवळ तशी सूचना लावणे मोठ्या दुकानांवर बंधनकारक केले. त्याहीपूर्वी, 1998 च्या निर्देशानुसार, युरोपीय संघात वस्तूच्या किमतीसोबत एककाचा दर दाखवणे आवश्यक झाले होते. ज्या ठिकाणी असा दर शेल्फवर लिहिलेला नसतो, तेथे फोनमधील कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. ‘मोठे पाकीट स्वस्त’ हा आपल्या लेखातील सल्लाही या हिशेबापुढे दर वेळी टिकत नाही. दोन्ही प्रकारच्या दुकानांत कधी कधी लहान पाकीटच किलोमागे स्वस्त निघते.

चवीविषयी लेखकाने ‘महागड्या दुकानातील पदार्थ जिभेवर ठेवताच फरक कळला’ असे म्हटले आहे. कोणता पदार्थ कोठला, हे त्यांना खाण्यापूर्वीच माहीत होते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना एकच वाइन एकदा 10 डॉलरची आणि एकदा 90 डॉलरची म्हणून दिली. महागडी म्हणून दिलेली त्यांना अधिक आवडली आणि मेंदूच्या आलेखातही सुखाशी निगडित भागात जास्त हालचाल दिसली. म्हणजे ते खोटे बोलत नव्हते, त्यांना चव खरोखरच अधिक चांगली लागत होती. लेखकाच्या प्रामाणिकपणाविषयी मलाही शंका नाही. म्हणूनच वेष्टन झाकून केलेल्या चाचणीशिवाय चवीचा निवाडा छापला जाऊ नये.

राहिला सुरक्षिततेचा प्रश्न. अन्नसुरक्षेचा कायदा दोन्ही दुकानांना एकच असतो, आणि फसवणूक झालीच तर ती किंमत पाहून थांबत नाही. जानेवारी 2013 मध्ये आयर्लंडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाला बीफ बर्गरमध्ये घोड्याच्या मांसाचा अंश आढळला, तेव्हा त्यांत स्वस्त साखळ्यांचे ब्रँड होते तसे मोठ्या सर्वसाधारण सुपरमार्केटचेही होते, आणि पुढील काही आठवड्यांत एका नामांकित ब्रँडच्या गोठवलेल्या लसान्यात (पास्ता आणि मांसाच्या थरांच्या पदार्थात) तेच सापडले. दोष लांबलेल्या पुरवठासाखळीत होता. त्या साखळीला कोणत्या दुकानाचा दरवाजा उच्चभ्रू आहे हे ठाऊक नव्हते.

आपण अशी तुलना पुन्हा छापणार असाल, तर माझी विनंती एवढीच आहे की प्रत्येक वस्तूपुढे किलोमागचा दर आणि पहिले तीन घटक द्यावेत, मांस, अंडी आणि चीज यांची तुलना समान प्रतीतच करावी आणि चवीचा निर्णय वेष्टन न पाहिलेल्या चारपाच जणांवर सोपवावा. ज्या वस्तूंत फरक आढळला नाही, त्यांची यादीही तितक्याच ठळकपणे द्यावी, कारण घरखर्चात काटछाट करू पाहणाऱ्या वाचकाला तीच यादी आधी लागते.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक